कादंबरी वाचणे आणि कादंबरी अभ्यासणे

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत मराठी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला कधी ना कधी ‘साहित्यप्रकाराचा अभ्यास : कादंबरी’ किंवा त्याच धर्तीच्या नावाची अभ्यासपत्रिका भेटते. तिचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिल्या भागात कादंबरीची संकल्पना, घटक, प्रकार आणि मराठी कादंबरीची वाटचाल येते. दुसऱ्यात नेमलेल्या एकदोन कादंबऱ्या. लेखी परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्न आणि टिपा, अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प किंवा चर्चासत्र, असा सगळा बेत असतो. सध्याच्या ‘युवकभारती’त अकरावीला नाटक आणि बारावीला कथा हे साहित्यप्रकार म्हणून शिकवले जातात. कादंबरीची पाळी येते ती महाविद्यालयात. तोवर वेचे आणि उतारे वाचून आलेल्या मुलामुलींपुढे दोनतीनशे पानांचे अख्खे पुस्तक अभ्यासाचा विषय म्हणून प्रथमच ठेवले जाते.

अडचण इथेच सुरू होते. कादंबरी वाचायला कोणी शिकवावे लागत नाही, अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रवासात, सुट्टीत, रात्री झोपण्यापूर्वी लोक कादंबऱ्या वाचतातच. त्या वाचनाला ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न पुरतो. अभ्यासाला मात्र दुसरा प्रश्न लागतो : जे झाले ते नेमके असेच का सांगितले आहे? कादंबरीच्या अभ्यासातला सगळा शास्त्रार्थ या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो. तो विचारायची सवय लागली नाही, तर अभ्यास म्हणजे गोष्टीचा सारांश आणि पात्रांची स्वभावचित्रे एवढ्यावरच निभावते.

साहित्यप्रकार म्हणून वेगळेपण

‘दीर्घ गद्य कथन’ ही कादंबरीची सर्वात सोपी व्याख्या. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. लांबी हा फरक वरवरचा. कथा एखादा क्षण, एखादा प्रसंग किंवा एखादा अनुभव पकडून थांबू शकते. कादंबरीला माणसे काळातून चालवावी लागतात, त्यांचे परस्परसंबंध बदलताना दाखवावे लागतात आणि त्यांच्या मागे एक समाज उभा करावा लागतो. नाटकात पात्रे स्वतः बोलतात आणि प्रेक्षक ते पाहतो. कादंबरीत सांगणारा कोणीतरी मध्ये असतो. महाकाव्याचा नायक राजा, देव किंवा वीर असे. कादंबरीने साध्या माणसाला, त्याच्या घरखर्चाला, त्याच्या नोकरीला आणि त्याच्या मनातल्या गोंधळाला जागा दिली.

कादंबरीचा उदय छपाईशी आणि वाचत्या मध्यमवर्गाशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली आली, सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ १७४० साली. या काळातल्या लेखनाचा अभ्यास करून इयन वॉट यांनी १९५७ साली ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’ हा ग्रंथ लिहिला. विशिष्ट नावाची, विशिष्ट स्थळकाळात जगणारी व्यक्ती केंद्रस्थानी येणे हे कादंबरीचे लक्षण त्यांनी तपशिलाने दाखवले. रशियन विचारवंत मिखाईल बाख्तिन यांनी दुसऱ्या बाजूने पाहिले. कादंबरी पत्र, रोजनिशी, प्रवचन, कोर्टातली जबानी, गाणे असे काहीही पोटात घेऊ शकते. समाजातल्या अनेक थरांच्या बोली तिच्यात एकाच वेळी वावरतात आणि एकमेकींशी भांडतात. त्यामुळे हा प्रकार कधी पुरता बांधून होत नाही, असे त्यांचे म्हणणे. मराठीत या सगळ्या विचारांची सविस्तर मांडणी हरिश्चंद्र थोरात यांनी ‘कादंबरीविषयी’ आणि ‘कादंबरी : एक साहित्यप्रकार’ या पुस्तकांत केली असून पदव्युत्तर वर्गांना त्यांचा आधार घ्यावाच लागतो.

मराठी कादंबरीचा नकाशा

भारतीय भाषांत कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, थोड्याथोड्या अंतराने अवतरली. बंगालीत बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ साली, गुजरातीत नंदशंकर मेहतांची ‘करण घेलो’ १८६६ साली, मल्याळममध्ये चंदू मेनन यांची ‘इंदुलेखा’ १८८९ साली. मराठी यांच्या आधीची. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती झालेल्या या लेखकाने हिंदू विधवांच्या हालअपेष्टा प्रवासाच्या चौकटीत मांडल्या. त्यानंतर १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, ती अद्भुत आणि शृंगारिक वळणाची. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः येत ती १८७१ साली पूर्ण झाली.

पंधरा वर्षांच्या आतल्या या तीन पुस्तकांत मराठी कादंबरीच्या तीन वाटा दिसतात : समोरचे वास्तव, कल्पनेचे रंजन आणि इतिहासाचे स्मरण. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांचा विचार करताना याच तीन कादंबऱ्यांना तीन प्रवाहांच्या उगमाशी ठेवले. अभ्यासकाला हा नकाशा फार उपयोगी पडतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) किंवा विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) हातात घेतली की ‘मोचनगड’चा वारसा कुठे टिकला आणि कुठे बदलला, हे विचारता येते. नकाशा म्हणजे मुलूख नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. एकाच कादंबरीत या तिन्ही वाटा मिसळलेल्या सापडतात.

पुढचे टप्पे वर्गात साधारणपणे असे मांडले जातात. हरिभाऊ आपटे यांनी १८८५ नंतर सामाजिक कादंबरीला बैठक दिली. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’ने चर्चेला आणि तत्त्वविचाराला कादंबरीत स्थान मिळवून दिले, श्री. व्यं. केतकरांनी ‘ब्राह्मणकन्या’त समाजशास्त्रज्ञाची नजर आणली. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद रंगला. विभावरी शिरूरकर यांनी ‘हिंदोळ्यावर’मध्ये (१९३४) स्त्रीच्या बाजूने बोलायचे धाडस केले. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आणि बा. सी. मर्ढेकरांची संज्ञाप्रवाही ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) यांनी रचनेचे नवे प्रयोग केले. पन्नासच्या दशकापासून प्रदेश बोलू लागले : श्री. ना. पेंडसे आणि गो. नी. दांडेकरांचे कोकण, व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश, उद्धव शेळके यांचा विदर्भ. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) गावकुसाबाहेरच्या बंडखोराला नायकपद देणारी. मग १९६३ साली नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि आधीच्या घोटीव कादंबरीभाषेची सद्दी संपू लागली. अलीकडच्या पिढीतल्या शेतीच्या, विस्थापनाच्या आणि महानगराच्या कादंबऱ्या, सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पासून कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’पर्यंत, या पार्श्वभूमीवर वाचाव्या लागतात.

घटक : यादी नव्हे, हत्यारे

कथानक, पात्रे, निवेदन, काळ, स्थळ आणि भाषा हे घटक प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतात. त्यांची यादी पाठ करणे सोपे. प्रत्यक्ष कादंबरीवर ती चालवणे अवघड.

गोष्ट आणि कथानक यांत ई. एम. फॉर्स्टर यांनी केलेला फरक प्रसिद्ध आहे. १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून त्यांचे ‘अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ हे पुस्तक तयार झाले. घटनांचा काळानुसार लावलेला क्रम ही गोष्ट, आणि त्यांतला कार्यकारणभाव म्हणजे कथानक. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमूचा नवरा वारतो आणि पुढे तिचे केशवपन होते, हा झाला क्रम. घरातल्या सत्तेची सूत्रे ज्यांच्या हाती, त्यांच्या मर्जीपुढे शिकल्यासवरल्या विधवेच्या इच्छेला काडीचीही किंमत नसते, म्हणून केशवपन होते. हे झाले कथानक. सारांश लिहिणारा विद्यार्थी पहिल्यावर थांबतो.

पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे दोन वर्गही फॉर्स्टर यांचेच. एका वाक्यात सांगता येते ते पात्र सपाट. जे वाचकाला खात्रीलायकपणे चकित करू शकते ते गोलाकार. सपाट म्हणजे कमअस्सल, असा अर्थ काढायचे कारण नाही. मोठ्या पटाच्या कादंबरीला दोन्ही लागतात.

काळाचा विचार फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेट यांनी काटेकोर केला. घटना कोणत्या क्रमाने सांगितल्या, त्यांना किती पाने दिली आणि त्या किती वेळा सांगितल्या, असे तीन प्रश्न त्यांनी घालून दिले. ‘रणांगण’मध्ये युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवरचे मोजके दिवस आहेत; पण चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टा यांच्या त्या दिवसांवर महायुद्धाच्या उंबरठ्यावरचा सगळा युरोप दाटून येतो. काळ आखूड आणि ताण मोठा, हीच त्या कादंबरीची रचना.

स्थळ म्हणजे पार्श्वभूमीचा पडदा नव्हे. पेंडसे यांचा ‘गारंबीचा बापू’ (१९५२) गारंबीतून उचलून पुण्यात ठेवता येत नाही. शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकची गरिबीशी चाललेली झुंज वऱ्हाडी बोलीतच उभी राहते. प्रमाण मराठीत ती सांगितली असती, तर कौतिक वाचकाला दुरून दिसली असती, जवळून ऐकू आली नसती. बोलीचा प्रश्न हा म्हणूनच चवीचा नसून कोणाच्या तोंडून जग दिसते याचा आहे.

निवेदक कोण?

सगळ्या घटकांत सर्वाधिक फळ देणारा आणि वर्गात सर्वात घाईने उरकला जाणारा घटक म्हणजे निवेदन. लेखक आणि निवेदक एक नव्हेत, हा पहिला धडा. प्रथमपुरुषी ‘मी’ आला की विद्यार्थी त्याला लेखक समजून मोकळा होतो. तीन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की हा घोटाळा सुटतो.

‘पण लक्षात कोण घेतो’ हरिभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. लेखक पुरुष, पण सांगणारी यमू. बालपण, मैत्रीण दुर्गीचा छळाचा संसार, सुधारक नवऱ्याबरोबरचे मुंबईतले थोडे सुखाचे दिवस आणि नंतरचे वैधव्य, असे सगळे ती स्वतःच्या शब्दांत मांडते. ज्या काळात विधवेचा आवाज घरातल्या चार भिंतींबाहेर जात नसे, त्या काळात तिच्याच हाती लेखणी देणे हा नुसता तंत्राचा भाग राहत नाही. तिऱ्हाईत निवेदकाने हीच हकिगत सांगितली असती, तर ती समाजसुधारणेवरचा लेख झाली असती. इथे वाचकाला यमूच्या बाजूने पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्याच वेळी आजचा अभ्यासक पुढचा प्रश्न विचारतो : पुरुष लेखकाने रचलेला स्त्रीचा आवाज किती तिचा आणि किती त्याचा?

माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक आहे औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा शाळामास्तर. तो पायी चालत वाडीवर येतो, तेव्हा तिथले काहीच त्याच्या ओळखीचे नसते. वाचकालाही नसते. मास्तर जसजसा कारभाऱ्याला, आयबूला, आनंदा रामोश्याला ओळखू लागतो, तसतशी वाडी वाचकापुढे उलगडते. या पुस्तकात चढत जाणारे एकसंध कथानक नाही, अशी तक्रार परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास असते. पण मास्तर हा सगळीकडे जाणारा, सगळ्यांकडून ऐकणारा आणि तरी थोडा बाहेरचा राहणारा निवेदक आहे, हे लक्षात आले की रचना दिसू लागते. नायक कोणी एक माणूस नाही, ती वाडी आहे. तालीम बांधायचा उपक्रम, शाळा, भांडणे, मेंढरे, पाऊस या सगळ्यांतून तिचे आयुष्य पुढे सरकते आणि दुष्काळात माणसे पांगल्यावर कादंबरी संपते. वाडी उठली की सांगण्यासारखे काही उरत नाही. शेवट रचनेतूनच आला आहे.

‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर तिसऱ्याच जातीचा निवेदक. खानदेशातल्या गावातून तो पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात आणि मेसमध्ये उधळतो, फसतो, बहिणीच्या मृत्यूने हादरतो आणि गावी परततो. घटना एवढ्याच. त्यांचे वजन येते ते सांगण्याच्या रीतीतून. तो वाक्ये अर्धवट सोडतो, स्वतःची टिंगल करतो, कुठे रोजनिशीच्या नोंदी देतो, कुठे भविष्यातला इतिहाससंशोधक बनून वर्तमानाचा पुरावा तपासल्याचे सोंग आणतो. बहीण मेली त्या भागात मात्र ही सगळी थट्टा गळून पडते, आणि ती का हवी होती हे तिथेच कळते. समीक्षेत ज्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात, त्या वेन बूथ यांनी १९६१ साली रूढ केलेल्या संकल्पनेची चाचणी घ्यायला हे पुस्तक चांगले. पांडुरंग जे म्हणतो ते सगळे खरे मानायचे का, आणि नसेल तर कुठे थांबायचे, यावर वर्गात तासभर वाद व्हायला हवा.

एकाहून अधिक निवेदक आले की प्रश्न आणखी रंगतात. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू मांडतात, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, कृष्ण यांनाही बोलू दिले आहे. वामन मल्हारांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) पत्रांतून उभी राहते. प्रत्येक ठिकाणी एकच घटना दोन बाजूंनी आली की कोणाचे वजन जास्त पडते, हे शोधणे हाच अभ्यास.

समीक्षेच्या वाटा

मराठीत कादंबरीची चर्चा जुनी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा दीर्घ निबंध लिहिला. कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा सलग आढावा घेतला. नरहर कुरुंदकरांचे ‘धार आणि काठ’ आणि चंद्रकांत बांदिवडेकरांचे ‘मराठी कादंबरी : चिंतन आणि समीक्षा’ हे ग्रंथ पुढच्या पिढ्यांनी वापरले. नेमाडे यांनी लघुकथेला दुय्यम ठरवून कादंबरीचे माप वर धरले. त्यावर वादही झाले.

एकाच कादंबरीला निरनिराळ्या बाजूंनी भिडता येते, हे विद्यार्थ्याने या ग्रंथांतून शिकायचे असते. ‘फकिरा’ साहसकथा म्हणून वाचता येते, वसाहतकाळातल्या भुकेची आणि जातव्यवस्थेची कहाणी म्हणून वाचता येते, आणि पोवाड्याच्या, लोककथेच्या परंपरेशी जोडूनही वाचता येते. स्त्रीवादी समीक्षा शिरूरकरांच्या ‘बळी’ किंवा कविता महाजन यांच्या ‘ब्र’कडे वेगळे प्रश्न घेऊन जाते. देशीवादी दृष्टी प्रदेशाला आणि बोलीला महत्त्व देते, मार्क्सवादी दृष्टी वर्गसंबंधांना. यांपैकी कोणतीही वाट कादंबरीच्या बाहेरून आणून तिच्यावर लादली, तर उत्तरे आधीच ठरलेली असतात. कादंबरीतल्या एखाद्या पानावर बोट ठेवून जी वाट पटवून देता येते, तीच खरी.

परीक्षा आणि वाचन

अभ्यासक्रमाच्या चौकटीत या सगळ्याला वेळ किती मिळतो, हा खरा पेच. एका सेमिस्टरच्या मोजक्या तासांत संकल्पना, इतिहास आणि नेमलेली कादंबरी उरकायची असते. बाजारात प्रश्नोत्तरांची गाईडे तयार असतात. त्यांत कथानकाचा सारांश, मुख्य पात्रांची स्वभाववैशिष्ट्ये आणि भाषाशैलीवर चार परिच्छेद मिळतात. ‘कादंबरीतील ग्रामजीवनाचे चित्रण स्पष्ट करा’ अशा छापाच्या प्रश्नाला ते पुरून उरतात. त्यामुळे मूळ पुस्तक न उघडता उत्तीर्ण होणे अवघड नाही.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. प्रश्न सारांशावर न विचारता निवेदकावर, काळाच्या मांडणीवर किंवा एका विशिष्ट प्रसंगावर विचारला, की गाईड लंगडे पडते. अंतर्गत गुणांच्या प्रकल्पात पूर्ण कादंबरीचा आढावा मागण्याऐवजी एका प्रकरणाचे सूक्ष्म वाचन मागितले, तर नकलेला वाव राहत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या भागातली, स्वतःच्या बोलीतली एखादी कादंबरी नेमलेल्या पुस्तकाशेजारी ठेवून तुलना केली, तर भाषेचा घटक पाठ करावा लागत नाही. तो कानाला कळतो. ग्रंथालयात नेमलेल्या पुस्तकाच्या पुरेशा प्रती असणे ही तर अगदी पहिली अट.

विद्यार्थ्याने स्वतःपुरता पाळावा असा नियम एकच. कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात गोष्टीत बुडून जायला हरकत नाही. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन निवेदक बदलतो कुठे, काळ उडी मारतो कुठे, भाषा वळण घेते कुठे, एवढेच खुणावत जावे. समीक्षाग्रंथ आणि गाईड यांची पाळी त्यानंतर. दोनदा वाचलेल्या कादंबरीवर लिहिलेले उत्तर थोडे वेडेवाकडे असले तरी ते विद्यार्थ्याचे स्वतःचे असते, आणि साहित्याच्या परीक्षेत तपासायचे असते ते तेवढेच.